मंजूर झाले, मिळाले किती?

विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,


नागपूरचे हिवाळी अधिवेशन काल, १४ डिसेंबरला संपले. ८ तारखेला ते सुरू झाले होते. शनिवार-रविवारीही कामकाज चालवून सात दिवस भरले. पहिल्याच दिवशी सरकारने ७५ हजार २८६ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या आणि आठवडा सरायच्या आत विधानसभेने त्या मंजूर केल्या. हे पत्र त्या रकमेविषयी आहे. ती मंजूर व्हायला नको होती, असे माझे म्हणणे नाही. तिच्यातला मोठा वाटा अतिवृष्टीत सगळे गमावलेल्या शेतकऱ्यांच्या मदतीचा आहे आणि तो त्यांना मिळायलाच हवा. मला विचारायचे आहे ते पुढचे. मार्चमध्ये जे मंजूर केले, जुलैत जे मंजूर केले, त्यातले आजवर किती सुटले, कुठे पोचले आणि कुठे अडले, हे आपण सभागृहात केव्हा विचारणार?

माझी सगळी नोकरी विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या कोषागारात गेली. अर्थसंकल्पाची भाषणे ऐकण्यापेक्षा त्यातून निघालेली देयके तपासण्यातच माझे आयुष्य गेले. त्यामुळे मुंबईत घोषणा झाली की टाळ्यांच्या आधी मला लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातले त्या खर्चाचे खाते, आठवते. घोषणेला लेखाशीर्ष आहे का, असले तर त्यात तरतूद किती, तरतूद असली तर निधी वितरित झाला का, झाला तर कोणत्या महिन्यात. योजना जगते की मरते ते या चार प्रश्नांवर ठरते. यातला पहिला प्रश्न सभागृहात कधीमधी येतो. चौथा मी तिथे क्वचितच ऐकला आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते की विधानसभेने पैसे मंजूर केले म्हणजे ते मिळाले. तसे होत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरीही सांगतो, कारण हे पत्र आपले मतदारही वाचतील. विनियोजन विधेयक मंजूर झाले की खर्चाची परवानगी मिळते. त्यानंतर वित्त विभाग परिपत्रक काढून ठरवतो की अमुक महिन्यापर्यंत तरतुदीच्या इतक्याच टक्के रक्कम द्यायची. तिजोरीत ओढाताण असली की तो टक्का खाली येतो. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला पुस्तकात तरतूद दिसते, पण बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी पडत नाही तोवर त्यातला एक रुपया काढता येत नाही. ‘बीम्सवर आलं का?’ हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या प्रत्येक मजल्यावर वर्षभर ऐकू येतो. ठिबकच्या अनुदानाची वाट पाहणारा शेतकरी तोच विचारतो, पाणीपुरवठ्याचे काम करून बसलेला छोटा कंत्राटदार तोच विचारतो, स्वाधार योजनेच्या हप्त्याअभावी खोलीभाडे थकवून बसलेला विद्यार्थीही तोच विचारतो.

मग मार्च उजाडतो. दहा महिने ज्या लेखाशीर्षावर शुकशुकाट होता, त्यावर शेवटच्या आठवड्यात निधी येऊन पडतो. ३१ मार्चच्या रात्री कोषागारात दिवे जळत असतात, अधिकारी फोनवर फोन करत असतात, आणि कामाचा दर्जा, कामाची गरज, कामाची जागा हे सगळे प्रश्न मागे पडून एकच उरतो: रक्कम परत जाऊ द्यायची नाही. तरीही बरीच परत जातेच. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आपल्या राज्य वित्त अहवालांत वर्षानुवर्षे दोन गोष्टी लिहीत आले आहेत. मूळ तरतूदच पुरती खर्च झालेली नसताना त्याच शीर्षावर पुरवणी मागणी घेतली जाते, आणि खर्चाचा मोठा भाग वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कोंबला जातो. हे अहवाल विधिमंडळापुढे ठेवले जातात. बहुतेक वेळा ते अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत येतात, आणि सदस्य आपापल्या गावी निघालेले असतात.

आता या वर्षाचा हिशेब मांडू या. १० मार्चला सादर झालेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा होता. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी, आणि वर्षअखेरीस कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. जुलैत ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. आता डिसेंबरात ७५ हजार २८६ कोटी. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार ७९५ कोटी होतात. पुरवणी मागणीतली सगळी रक्कम नव्या खर्चाची नसते, काही भाग निव्वळ हिशेबाच्या समायोजनाचा असतो, हे मला माहीत आहे. डिसेंबरच्या मागण्यांचा निव्वळ भार ६४ हजार ६०० कोटींच्या आसपास आहे. तरीसुद्धा ज्या अर्थसंकल्पावर आपण मार्चमध्ये चर्चा केली, त्याच्या जवळजवळ एक पंचमांश एवढ्या मागण्या नंतरच्या दोन अधिवेशनांत येऊन गेल्या. राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदाने पुरवणी मागणीची सोय ठेवली ती तरतूद अपुरी पडली किंवा अचानक नवी गरज उभी राहिली तर वापरण्यासाठी. सप्टेंबरचा पूर ही तशी गरज होती. कृषिपंपांच्या वीज सवलतीचा खर्च मात्र मार्चमध्येही दिसत होता. लाडकी बहीण योजनेसाठी मार्चमध्ये ३६ हजार कोटी ठेवले होते. आता आणखी सहा हजार कोटींहून अधिक मागितले गेले. जो खर्च दर महिन्याला होणार हे ठरलेले आहे, त्याचा अंदाज नऊ महिन्यांत चुकत असेल, तर त्याचे कारण सभागृहाने विचारायला हवे होते.

लाडक्या बहिणीचा विषय निघालाच आहे, तर त्यावर स्पष्ट बोलतो. या योजनेची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये थेट येतात, मधे कुणी दलाल नसतो, आणि त्या पैशावर तिचा शब्द चालतो. ही लहान गोष्ट नाही. २०२४ च्या निवडणुकीत २,१०० रुपयांचे वचन दिले गेले होते, ते अजून पुरे झालेले नाही. ते कधी होणार, हे विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या खर्चासाठी दुसरे काय थांबवले, हे सभागृहाने जनतेला कधीच नीट सांगितले नाही. मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख या योजनेकडे वळवले गेले. त्या प्रवर्गांतल्या लाभार्थी महिलांसाठीच हे पैसे आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. पण सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. अनुसूचित जाती-जमातींसाठीची तरतूद लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळी ठेवण्याची पद्धत कित्येक दशकांच्या भांडणातून उभी राहिली. वसतिगृह, शिष्यवृत्ती, वस्तीचा रस्ता यांच्यासाठी ती होती. ती सर्वसाधारण योजनेत मिसळायची असेल तर आधी सभागृहात चर्चा व्हायला हवी.

आणि आता अंड्याविषयी. या पत्रातली सर्वांत लहान रक्कम हीच आहे, आणि मला सर्वांत जास्त छळणारी रक्कमही हीच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ठरवले की शालेय पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे, जे अंडे खात नाहीत त्यांना केळे. वर्षाचा खर्च साधारण ५० कोटी. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला आणि अंड्यासाठीचा राज्याचा पैसा बंद झाला. ज्या शाळेला अंडी किंवा गोड पदार्थ द्यायचा असेल, तिने शाळा व्यवस्थापन समितीमार्फत लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले. मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या, नंदुरबारच्या पाड्यावरच्या शाळेने कुणाकडून वर्गणी मागायची? ज्या घरी अंडे आणायला पैसे नाहीत, त्याच घरातल्या बापाकडून?

काल संपलेल्या अधिवेशनात मंजूर झालेल्या रकमेचा पंधराशेवा भाग काढला, की वर्षभराचा अंड्यांचा खर्च निघतो. ७५ हजार २८६ कोटींत ५० कोटी सापडत नाहीत, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. पैसा नव्हता म्हणून अंडे गेले असे मला वाटत नाही. अंडे गेले तेव्हा सभागृहात कामकाज थांबवायला कुणी उठले नाही, म्हणून ते गेले. मार्चच्या अधिवेशनात औरंगजेबाच्या कबरीवरून दिवसच्या दिवस गदारोळ झाला, हे आपणा सर्वांना आठवत असेल. आठ वर्षांच्या मुलीच्या ताटातले अंडे परत मिळावे म्हणून तशी एक सकाळ कुणी दिली असती, तर निर्णय फिरला असता, असा माझा विश्वास आहे.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मेळघाटातल्या बालमृत्यूंवरून राज्य सरकारला कठोर शब्दांत सुनावले. जूनपासून ६५ बालके गेल्याची माहिती न्यायालयापुढे होती. मेळघाटाचा खटला काही नवा नाही. नव्वदच्या दशकापासून या डोंगरातल्या मुलांच्या मृत्यूंविषयी न्यायालये आदेश देत आली आहेत. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि लहानग्यांना अंडी-केळी देणारी अमृत आहार योजना आपल्याच राज्याने काढली, ती चांगली योजना आहे. पण तिचे पैसे अंगणवाडीपर्यंत उशिरा पोचतात. मधल्या दिवसांत किराणा दुकानात उधारी करून चूल पेटवते ती अंगणवाडी सेविका. तिच्या मानधनातून राज्याची योजना चालते, याची नोंद कोणत्याही लेखाशीर्षावर होत नाही. धारणी आणि चिखलदरा नागपूरच्या विधानभवनापासून एका दिवसाच्या प्रवासात येतात. अधिवेशनाच्या काळात किती सदस्य तिकडे जाऊन आले असतील?

शेतकऱ्यांचे पाहू. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगरची शेते धुऊन नेली. सुमारे ६८ लाख हेक्टरांवरच्या पिकांचे नुकसान झाल्याचे सरकारनेच सांगितले आणि ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. डिसेंबरच्या मागण्यांतले १५ हजार ६०० कोटींहून अधिक रुपये त्याच मदतीचे आहेत. म्हणजे घोषणा ऑक्टोबरात आणि विधिमंडळाची मंजुरी डिसेंबरात; मधे दिवाळी होऊन गेली आणि रब्बीची पेरणी आटोपली. ऑक्टोबरच्या अखेरीस नागपूरच्या वेशीवर शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, तेव्हा कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ असे आश्वासन मिळाले आणि समिती नेमली गेली. समितीचा अहवाल येईल एप्रिलच्या आसपास, आणि अर्थसंकल्प सादर होईल मार्चमध्ये. मग कर्जमाफीची रक्कम त्या अर्थसंकल्पात असणार कशी? ती पुन्हा जुलैच्या पुरवणी मागणीतच येणार, असे आतापासून दिसते. हा क्रम उलटा करता आला असता. समितीला जानेवारीची मुदत द्या, अशी मागणी या अधिवेशनात रेटून करता आली असती. सोयाबीन ५,३२८ रुपयांच्या हमीभावाखाली विकून घरी बसलेल्या माणसाला ३० जूनपर्यंत बँकेची नोटीस थांबवता येत नाही.

नागपूर करारावर २८ सप्टेंबर १९५३ ला सह्या झाल्या, तेव्हा विदर्भाच्या लोकांना शब्द दिला होता. सरकार ठरावीक काळ नागपुरात येईल, विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी इथे होईल, आणि खर्चाचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होईल. १९६० पासून अधिवेशने होत आली, हे खरे. पण अधिवेशन सात दिवसांचे झाल्यावर त्यात काय मावते? निवडणुकांच्या गडबडीमुळे यंदा वेळ नव्हता, असे सांगितले गेले. मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघाले, नेहमीच्या ठिकाणी अडवले गेले, शिष्टमंडळे निवेदने देऊन परत गेली. विदर्भाच्या प्रश्नांवरची चर्चा शेवटच्या दिवसांत उरकली. इथल्या ६२ आमदारांपैकी प्रत्येकाने आपल्या तालुक्याचा एकेक अडलेला प्रश्न मांडायचा म्हटला, तरी एवढा वेळ पुरत नाही.

अनुशेषाचे, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातल्या तुटीचे, मोजमाप दांडेकर समितीने १९८४ मध्ये करून दिले. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी, त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, घटनेच्या ३७१ (२) अनुच्छेदाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची विकास मंडळे आली. ती सर्वशक्तिमान नव्हती. पण त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे येत होता, आणि राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश देता येत होते. कुठल्या जिल्ह्यात सिंचनाचे किती हेक्टर मागे राहिले, हे कागदावर पक्के होत होते. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. २०२२ मध्ये पुनरुज्जीवनाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. मंडळे मात्र आजही नाहीत. आरसा काढून नेला की चेहऱ्यावरचा डाग जात नाही, एवढेच मी त्यावर म्हणेन. मराठवाड्याच्या सदस्यांनो, हा प्रश्न तुमचाही तितकाच आहे. तुमचा अनुशेष तेव्हा ७५० कोटी निघाला होता, आणि त्याची आजची किंमत मोजायला अधिकृत यंत्रणा उरलेली नाही.

गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाचे उदाहरण प्रत्येक भाषणात येते, म्हणून थोडक्यात सांगतो. २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन झाले तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता. आज सुधारित किंमत २५ हजार कोटींच्या वर गेली आहे. अडीच लाख हेक्टरांचे पाणी ठरले होते. कालव्यांच्या आणि वितरिकांच्या शेवटच्या टोकाला असलेली कितीतरी शेते अजून कोरडी आहेत. दरवर्षी थोडा-थोडा निधी देत राहिल्याने हे घडले. एकदम दिला असता तर जे काम हजारांत झाले असते, ते दर वर्षाच्या अपुऱ्या तरतुदीने दहा हजारांत नेले. पैसा वाचवायच्या नावाखाली हप्ता लांबवला की खर्च वाढतो, हे कोषागारातला कारकूनही सांगेल.

दोन्ही सभागृहांत आज विरोधी पक्षनेता नाही. विधानसभेत गेल्या वर्षापासून नाही, परिषदेतली जागा ऑगस्टपासून रिकामी आहे. आधीच्या अधिवेशनांत अंतिम आठवडा प्रस्तावावर बोलताना विरोधी पक्षनेता विभागवार हिशेब मांडत असे, सरकारला उत्तर द्यावे लागत असे. ही जागा भरणे न भरणे अध्यक्षांच्या आणि सभापतींच्या हाती आहे, आणि राज्याच्या १९७८ च्या कायद्यात सदस्यांच्या टक्केवारीची अट नाही. ती भरली जावी, असे मला मनापासून वाटते. पण ती भरेपर्यंत सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांनीही गप्प राहायचे, असा कुठे नियम नाही. तुमच्या मतदारसंघातले अडलेले देयक हे आधी तुमचे आहे, मग सरकारचे.

फेब्रुवारीत मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन भरेल. तोवर दोन महिने आहेत, आणि त्यात करण्याजोगे काम आहे. प्रत्येक सदस्याने आपल्या जिल्ह्याच्या कोषागार अधिकाऱ्याकडून आणि जिल्हा नियोजन समितीकडून एक तक्ता मागवावा: २०२५-२६ ची तरतूद किती, ३१ डिसेंबरपर्यंत वितरित किती, प्रत्यक्ष खर्च किती. बीम्सवर तो अर्ध्या तासात निघतो, मी तो कित्येकदा काढला आहे. तो हातात घेऊन सभागृहात या. मग नियत वेळ झाली म्हणून उरलेल्या विभागांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकण्याची वेळ आली, की किमान शालेय शिक्षण, महिला व बालविकास आणि आदिवासी विकास हे तीन विभाग त्यातून वगळून त्यांना पूर्ण दिवस द्या. परिषदेच्या सदस्यांना मागण्यांवर मत देता येत नाही, पण चर्चा करता येते. शिक्षक मतदारसंघांतून निवडून आलेल्या सदस्यांनी अंड्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी मांडावा. लोकलेखा समितीने जुने अहवाल बाजूला ठेवून या वर्षाच्या पुरवणी मागण्यांतल्या न खर्चलेल्या रकमा आधी हाती घ्याव्यात. आणि विकास मंडळांच्या पुनरुज्जीवनासाठी दोन्ही सभागृहांनी एकमताचा ठराव करून तो केंद्राकडे पाठवावा. त्यासाठी एक पैसा लागत नाही.

माझ्या तालुक्याचे आमदार हे पत्र वाचतील, अशी आशा आहे. पक्ष कोणताही असो, वरचा तक्ता त्यांनी मागवला तर तो वाचायला बसण्याची माझी तयारी आहे. कोणत्या रकान्यात काय दडलेले असते, हे मला माहीत आहे. जानेवारीच्या कोणत्याही दिवशी बोलवावे.

आपला,
विदर्भातला एक निवृत्त कोषागार कर्मचारी
नागपूर, १५ डिसेंबर २०२५